पहिल्या पानावर ४.३, आत ४.२, कमांडमध्ये ४.१: सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा आकडा सगळीकडे सारखा का राहत नाही

‘क्रोम वापरताय? ताबडतोब अपडेट करा, सरकारचा इशारा.’ अशी बातमी आपण वरचेवर वाचतो. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संगणक-सुरक्षा पाहणारी संस्था अशी सूचनापत्रं काढते. त्यांत एक ओळ हमखास असते: अमुक आकड्याच्या आधीची व्हर्जन्स धोक्यात आहेत. क्रोमच्या बाबतीत तो आकडा टिंबांनी तोडलेला, चार तुकड्यांचा असतो. बातमी वाचून माणूस सेटिंगमध्ये जातो, स्वतःच्या मशीनवरचा आकडा बघतो आणि तिथेच अडतो. आपला आकडा त्याच्या पुढचा की मागचा? मग तो मदतीचं पान उघडतो, तर तिथे तिसराच आकडा.

हा तिसरा आकडा माझ्या कामाचा विषय आहे. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं हे सांगणारी पानं मी लिहिते. त्यांना आमच्याकडे डॉक्युमेंटेशन म्हणतात, थोडक्यात डॉक्स. या पानांवरचा व्हर्जनचा आकडा खरा असणं ही आमची पहिली जबाबदारी आहे असं मी मानते. ती पार पाडणं वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. का, ते सुरुवातीपासून सांगते.

## आकडा काय सांगतो

मराठी पुस्तकाचं श्रेयपान आठवा. ‘पहिली आवृत्ती’, मग ‘पुनर्मुद्रण’, मग ‘दुसरी आवृत्ती’. पुनर्मुद्रणात फार तर छपाईच्या चुका सुधारलेल्या असतात. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने मजकुरालाच हात लावलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये हाच फरक आकड्यांनी दाखवतात. ४.३.१ असं लिहिलेलं असेल तर शेवटचा १ म्हणजे चुका दुरुस्त केल्या. मधला ३ वाढला की नवीन सोयी आल्या, पण जुनं सगळं चालू आहे. पहिला ४ बदलून ५ झाला की सावध व्हायचं, कारण आधीचं काहीतरी आता चालणार नाही. शाळेत अभ्यासक्रम बदलला की मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला उपयोगी पडत नाही, तसं.

या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. गिटहब या प्रोग्रॅमचं कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम लिहून काढले. पण हा संकेत आहे, कायदा नाही, आणि तो सगळेच पाळत नाहीत. उबुंटूचा आकडा म्हणजे सरळ वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. २००६ मध्ये उबुंटूचं एक व्हर्जन एप्रिलमध्ये यायचं होतं, त्याला सहा आठवडे उशीर झाला आणि ६.०४ चं ६.०६ झालं. ज्यांनी आधीच ‘६.०४’ असं लिहून ठेवलं असेल त्यांना ती सगळी पानं पुन्हा उघडावी लागली असणार. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा आकडा तर दर दुरुस्तीला पाय या गणिती संख्येच्या एक अंक जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला.

सगळ्यात जास्त गोंधळ जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने केला, असं माझं मत आहे. २०१४ मध्ये आलेल्या जावाला जग ‘जावा ८’ म्हणतं, पण मशीनला विचारलं तर ती १.८.० असं उत्तर देते. दोन्ही एकच. ‘जावा ८ किंवा पुढचं हवं’ असं डॉक्समध्ये लिहिलेलं असतं आणि नवखा मुलगा पडद्यावरचा १.८ बघून घाबरतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. एकाच गोष्टीची दोन नावं आहेत हे त्या पानावर एका ओळीत लिहायला हवं होतं.

## ते टिंब दशांशचिन्ह नाही

धावफलकावर १९.४ षटकं दिसली की आपण त्याचं ‘एकोणीस पूर्णांक चार दशांश’ करत नाही. एकोणीस षटकं आणि चार चेंडू, इतकं सरळ आहे. व्हर्जनचं टिंबही तसलंच, दोन वेगळ्या मोजण्यांमधलं कुंपण. फरक एवढाच, की षटक सहा चेंडूंत संपतं आणि इथे मर्यादा नाही. ३.९ नंतर ३.१० येतं, मग ३.११. शाळेतल्या गणितात मात्र ३.१० आणि ३.१ एकच, आणि दोन्ही ३.९ पेक्षा लहान.

माणसं इथे फसतात हे समजण्यासारखं आहे, पण मशीनही फसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून असंख्य मुलं ती शिकतात. ते व्हर्जन आलं आणि ठिकठिकाणचे प्रोग्रॅम अडखळले. काही प्रोग्रॅम व्हर्जनच्या ओळीतली पहिली तीन अक्षरं कापून घेत आणि त्यावरून ठरवत. तीन, टिंब, एक. म्हणजे ३.१! शिवाय सेटिंग लिहायची यॅमल नावाची एक पद्धत आहे. तिच्यात ३.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की मशीन ती दशांश संख्या समजते आणि शेवटचं शून्य टाकून देते. मग ती ३.१ शोधायला निघते, जे २००९ मधलं व्हर्जन आहे.

डॉक्स तयार करणारी कित्येक साधनंही सेटिंग याच यॅमलमध्ये ठेवतात. तिथे अवतरणचिन्हं राहून गेली तर शंभर पानांवर एकसारखा, सुसंगत आणि चुकीचा आकडा छापला जातो. म्हणून आमच्या टीममध्ये नियम आहे, व्हर्जन ही संख्या मानायचीच नाही. तो मजकूर आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही.

## एक आकडा किती ठिकाणी लिहिलेला असतो

लग्नाचा मुहूर्त बदलला तर काय होतं ते आठवा. पत्रिका छापून झालेल्या असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेलेला असतो, कार्यालयाच्या बुकिंगवर जुनी वेळ असते, गुरुजींच्या वहीत वेगळी आणि मावशीने गावाकडे फोनवर सांगितलेली तिसरीच. चार ठिकाणी आठवणीने बदलतो, पाचवं राहतं, आणि नेमके त्या पाचव्या ठिकाणचे पाहुणे अक्षता पडल्यावर पोहोचतात.

एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्जनचा आकडा कुठे कुठे असतो ते मी एकदा बसून मोजलं होतं. मूळ कोडमध्ये एका ओळीत. पॅकेजच्या, म्हणजे लोकांना द्यायला बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या, माहितीच्या फाइलमध्ये. रीडमीमध्ये, म्हणजे उघडल्या-उघडल्या समोर येणाऱ्या परिचयाच्या पानावर. डॉक्सच्या सेटिंगमध्ये, पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, ‘डाउनलोड करा’ या दुव्याच्या पत्त्यात, कॉपी करून टाइप करायच्या कमांडमध्ये. नमुना म्हणून दाखवलेल्या उत्तरात, म्हणजे ‘ही कमांड दिल्यावर पडद्यावर असं दिसेल’ अशा चौकटीत. बदलांच्या यादीत. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे स्क्रीनशॉट. ‘आमच्याविषयी’ या खिडकीचा फोटो काढलेला असतो, त्यात कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा असतो. फोटोतला आकडा शोध घेऊन सापडत नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो आणि कुणी बघत नाही.

## एक फोन

हे सगळं मला पाठ आहे ते एका फोनमुळे. मी तेव्हा या कामात नवीन होते. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत चालायचं. शनिवारी संध्याकाळी तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटरचा फोन आला. जुनी मशीन बंद पडली होती, नवीनवर सॉफ्टवेअर बसवून तो बॅकअप चढवत होता.

“मॅडम, तुमच्या पुस्तकात पहिल्या पानावर ४.३ आहे. आत बसवायच्या पानावर ४.२ लिहिलंय. आणि तुम्ही जे टाइप करायला सांगितलंय त्यात ४.१ आहे. मी तेच टाइप केलं. आता बॅकअप उघडत नाहीये. खरं कुठलं मानायचं?”

त्याने काहीही चूक केली नव्हती. लिहिलं होतं तसंच अक्षर न् अक्षर टाइप केलं होतं. ४.१ बसलं. बॅकअप ४.३ ने घेतलेला होता आणि जुन्या व्हर्जनला तो वाचता येत नव्हता. मध्यरात्रीपर्यंत आम्ही फोनवर होतो. सोमवारी सकाळी पतसंस्था उघडली तेव्हा सगळं चालू होतं. पण त्या संध्याकाळी त्याच्या आवाजात जी धास्ती होती ती मी विसरलेले नाही. लोकांच्या ठेवींचा हिशेब हरवला असं त्याला वाटत होतं, आणि त्याचं कारण माझी पानं होती.

कसं झालं हे? पहिल्या पानाचा आकडा मी बदलला होता. आतलं पान सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी बदललं होतं. कमांडच्या चौकटीकडे दोन रिलीज, म्हणजे नवं व्हर्जन दोनदा बाहेर पडेपर्यंत, कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण चौकटीतला मजकूर आपण वाचत नाही, नुसता बघतो.

## मग सरसकट ‘शोधा आणि बदला’ का नाही करायचं?

हे उत्तर सगळ्यांना सुचतं. मलाही सुचलं. त्या फोननंतरच्या रिलीजला मी सगळ्या फाइलींत ४.३ शोधलं आणि ४.४ केलं. एका मिनिटात काम झालं आणि त्याने वेगळंच नुकसान केलं. ‘व्याजाची नवी पद्धत ४.३ पासून उपलब्ध आहे’ या वाक्यात ४.४ आलं, म्हणजे ४.३ वापरणाऱ्यांना त्यांच्याकडे असलेली सोय आपल्याकडे नाही असं वाटायला लागलं. बदलांच्या यादीत ४.३ चं शीर्षक पुसलं गेलं आणि ४.४ ची दोन शीर्षकं झाली. ज्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आमचं सॉफ्टवेअर अवलंबून होतं त्याचं व्हर्जनही योगायोगाने ४.३ होतं. तेही ४.४ झालं, आणि त्याचं ४.४ तर निघालेलंच नव्हतं.

आकडे दिसायला सारखे असले तरी डॉक्समध्ये त्यांच्या तीन जाती असतात.

पहिला आजचा आकडा. ‘हे पुस्तक ४.४ साठी आहे’, ‘४.४ डाउनलोड करा’. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख. ती बदललीच पाहिजे, सगळीकडे, एकाच वेळी.

दुसरा जन्माचा आकडा. ‘ही सोय ४.३ मध्ये आली.’ जन्मदाखल्यावरची तारीख वय वाढलं म्हणून बदलत नाही. पायथनमध्ये मजकुरात आकडे गुंफायची ‘एफ-स्ट्रिंग’ नावाची सोय ३.६ मध्ये आली. पायथन कुठेही पोहोचलं तरी ती ३.६ मध्येच आलेली असणार. बदलांची यादी पूर्णपणे याच जातीच्या आकड्यांची बनलेली असते. सातबारा आणि फेरफार यांची जोडी डोळ्यांसमोर आणा. जमिनीची आज काय स्थिती आहे ते सातबारा सांगतो. ती तशी कशी होत गेली ते फेरफार नोंदवहीत क्रमाने असतं. नवीन नोंद झाली की सातबारा बदलतो, पण जुना फेरफार कुणी खोडत नाही.

तिसरा शेजाऱ्याचा आकडा. ‘यासाठी पायथन ३.८ किंवा पुढचं लागेल.’ हा आपल्या रिलीजबरोबर हलत नाही. आपली गरज बदलली तर हलतो, आणि तेव्हाही पुढचं व्हर्जन घालून खरंच चालवून बघितल्यावरच.

तीन जाती वेगळ्या ओळखल्या की अर्धं काम झालं. माझ्या अनुभवात नव्या माणसाला हे समजायला एक दुपार पुरते, आणि तरीही बहुतेक ठिकाणी हे कुणी कुणाला शिकवत नाही.

## हाताने एकदाच लिहायचा

आजचा आकडा माणसाने फक्त एका जागी लिहायचा. बाकी सगळीकडे आकड्याऐवजी खूण ठेवायची, आणि पानं तयार होताना मशीनने त्या खुणेच्या जागी आकडा भरायचा. सरकारी अर्जात ‘अर्जदाराचे नाव’ एकदा भरलं की ऑनलाइन अर्जात पुढच्या सगळ्या पानांवर ते आपोआप येतं, तसं.

पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्स नावाच्या साधनाने तयार होतं. ते मुळात त्याच कामासाठी बनलं आणि आज जगभर वापरलं जातं. त्याच्या सेटिंगमध्ये दोन वेगळे रकाने आहेत. ‘व्हर्जन’ म्हणजे छोटा आकडा, उदाहरणार्थ ३.१०. ‘रिलीज’ म्हणजे पूर्ण आकडा, ‘३.१०.० ची पहिली चाचणी प्रत’ इथपर्यंत. ‘पायथन ३.१० मध्ये काय काय आहे’ अशा वाक्यात छोटा हवा. डाउनलोडच्या दुव्यात पूर्ण हवा. दोन्हींसाठी खुणा वेगळ्या असल्यामुळे लेखकाला आकडा टाइप करावाच लागत नाही.

मग ती एक जागा कोणती? कोडमध्ये एक, सेटिंगमध्ये एक अशा दोन जागा ठेवल्या की त्या कधी ना कधी वेगळ्या होणारच. म्हणून बऱ्याच टीम गिटमधला टॅग हाच मूळ मानतात. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था, आणि टॅग म्हणजे ‘या क्षणीचं कोड म्हणजे ४.४’ असा मारलेला शिक्का. पॅकेज आपला आकडा त्या शिक्क्यावरून घेतं, डॉक्स पॅकेजला विचारतात. माणूस शिक्का मारतो, बाकी काही नाही.

जन्माच्या आकड्यासाठी स्फिंक्समध्ये वेगळ्या खुणा आहेत: कधी आलं, कधी बदललं, कधी मोडीत काढलं. इथे एक सुंदर अडचण येते. नवी सोय लिहिणाऱ्याला ती कुठल्या रिलीजमध्ये जाईल हे त्या दिवशी माहीत नसतं. ३.१३ मध्ये जाईल असं वाटतं, तपासणीला वेळ लागतो, ३.१४ उजाडतं, आणि पानावर ३.१३ तसाच राहतो. पायथनच्या लोकांनी यावर तोडगा काढला. आता लिहिणाऱ्याने आकड्याच्या जागी ‘नेक्स्ट’ एवढंच लिहायचं. रिलीजच्या दिवशी त्या शब्दाच्या जागी खरा आकडा जातो आणि त्यानंतर तो कायमचा पक्का होतो. बाळाचं नाव बारशाला ठेवायचं, तोवर पाळण्यावर ‘बाळ’.

## ‘लेटेस्ट’ लिहिलं की झालं, आकडा हवाच कशाला?

हा आक्षेप मी मीटिंगमध्ये वरचेवर ऐकते आणि त्यात तथ्य वाटावं असं बरंच आहे. आकडाच नसेल तर तो शिळा होणार नाही.

पण तो नसेल तर पान शिळं झालंय हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? दुधाच्या पिशवीवर तारखेऐवजी ‘ताजं’ छापलं तर पिशवी तीन दिवसांनीही ‘ताजं’च म्हणणार. डॉक्सची पानं लोक सेव्ह करतात, छापतात, पीडीएफ करून ग्रुपवर टाकतात. तीन वर्षांनी ‘नवीनतम व्हर्जन’ असं लिहिलेला कागद कुणाच्या तरी हातात असतो आणि कुठलं नवीनतम हे सांगणारं त्याच्यावर काही नसतं.

शिवाय ‘लेटेस्ट’ या शब्दाचा अर्थ वाचणारा एक लावतो आणि बनवणारा दुसराच. रीड द डॉक्स ही डॉक्स प्रसिद्ध करणारी मोठी सेवा आहे. तिथे पत्त्यात ‘लेटेस्ट’ असेल तर साधारणपणे ती पानं सध्या चालू असलेल्या, अजून बाहेर न पडलेल्या कामाची असतात. शेवटी प्रसिद्ध झालेल्या व्हर्जनची पानं ‘स्टेबल’ या नावाखाली असतात. वाचणारा लेटेस्टवर जातो, तिथे लिहिलेली सोय आपल्या मशीनवर शोधतो, ती सापडत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. कुठलंही पान वाचण्याआधी वरचा पत्ता बघा. पायथनच्या पानांत पत्त्यात नुसता ३ असेल तर ते सध्याचं स्थिर व्हर्जन, ३.१२ असेल तर त्याच व्हर्जनचं पान. दोन सेकंदांचं काम आहे आणि खूप मनस्ताप वाचतो.

## एका आकड्याने असं काय बिघडतं?

डिसेंबर २०२१. लॉगफोरजे नावाचा जावातला एक छोटा घटक, प्रोग्रॅममध्ये काय घडतंय याच्या नोंदी ठेवणारा. तो जगभरच्या असंख्य सर्व्हरांवर होता, कित्येकदा मालकाला माहीतही नसताना. त्यात इतकं मोठं भगदाड सापडलं की गंभीरतेच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. उपाय जाहीर झाला: २.१५.० वर जा. टीमनी रात्र जागून सगळं बदललं, सूचनांची पानं लिहिली. काही दिवसांतच कळलं की ती दुरुस्ती अपुरी होती, २.१६.० हवं. मग २.१७.०. महिना संपायच्या आत २.१७.१.

त्या दिवसांत ‘२.१५.० वर जा’ असं सांगणारं पान ज्या कंपनीने हाताने पाच ठिकाणी लिहिलं होतं, तिला तीनदा पाच जागा बदलायच्या होत्या, तेही थकलेल्या माणसांकडून. एक जागा राहिली तर तिथे आलेला माणूस सांगितलेलं सगळं करून निश्चिंत झोपणार आणि त्याचा सर्व्हर उघडाच राहणार. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास असणाऱ्या एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा पेरल्याचं उघड झालं. तो ५.६.० आणि ५.६.१ या दोनच व्हर्जन्समध्ये होता. तेव्हा तर उलटं होतं, मागचं व्हर्जन सुरक्षित आणि नवं धोकादायक. त्या दिवशी आपल्याकडे नेमका कुठला आकडा आहे, एवढीच माहिती महत्त्वाची होती.

धोका नसतानाही मनस्ताप असतोच. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे अकरा वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी नांदत होती. पायथन २ मध्ये ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस लागत नसे, ३ मध्ये लागतो. इंटरनेटवरची जुनी पानं, झेरॉक्स केलेल्या नोट्स, सीनिअरने दिलेली फाइल, यांतलं बरंचसं २ मधलं आणि बऱ्याच ठिकाणी तसा उल्लेखच नाही. मुलगी नोट्समधून जसंच्या तसं टाइप करते आणि पहिल्याच ओळीला मशीन तक्रार करते. आपल्याला कॉम्प्युटर जमणार नाही, असं तिच्या मनात बसतं. त्या पानाच्या वर ‘पायथन २.७ साठी’ एवढी ओळ असती तर? पायथनच्या अधिकृत २.७ च्या पानांवर आता ठळक पट्टी आहे: हे जुनं आहे, याला आता आधार नाही, सध्याचं पान इकडे. प्रत्येक जुन्या पानावर अशी पट्टी असली पाहिजे. जुनी पानं काढून मात्र टाकू नयेत, कारण जुनं व्हर्जन वापरणारा माणूस शेवटचा राहिला तरी त्याला त्याचं पान लागतं.

## आता सगळं आपोआप अपडेट होतं आणि एआयला विचारता येतं

फोनवरची अ‍ॅप्स आपोआप अपडेट होतात, हे खरं. पतसंस्था, दवाखाना, ग्रामपंचायत, कारखान्यातली मशीन, कॉलेजची लॅब इथे ती तशी होत नाहीत. काही ठिकाणी नेट नाही, काही ठिकाणी मशीन जुनी, काही ठिकाणी ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा पूर्णपणे शहाणा निर्णय. अशा माणसासाठी डॉक्स लिहिताना त्याच्याकडचा आकडा गृहीत धरता येत नाही.

एआयचं म्हणाल तर ते शिकलं कशावरून? सगळ्या व्हर्जन्सच्या, सगळ्या वर्षांच्या, एकत्र कालवलेल्या पानांवरून. ज्या पानावर आकडाच नाही ते कुठल्या काळाचं हे त्यालाही कळायला मार्ग नसतो. म्हणून ते कधी कधी जुन्या व्हर्जनची आज्ञा नव्याच्या नावाने पूर्ण आत्मविश्वासाने देतं. विचारताना स्वतःचा आकडा सांगा, उत्तर बरंच सुधारतं. कुठेही मदत मागताना तसंच करावं: ‘लेटेस्ट आहे’ असं न लिहिता मशीनने दाखवलेला आकडा जसाच्या तसा उतरवावा.

## मराठीत डॉक्स असतील तर

भाषांतरात हा प्रश्न दुपटीने येतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतरात गेटटेक्स्ट नावाची पद्धत सर्रास वापरतात. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की ती मराठी वाक्यावर ‘फझी’ अशी खूण करते, म्हणजे ‘हे पुन्हा तपासा’, आणि तपासून होईपर्यंत ते मराठी वाक्य दाखवलंच जात नाही. पद्धत चांगली आहे. पण मूळ वाक्यात ‘४.३’ असा आकडाच लिहिलेला असेल तर दर रिलीजला तो बदलतो, वाक्य फझी होतं आणि चांगलं मराठी वाक्य गायब होऊन तिथे इंग्रजी येतं. बिचारा भाषांतरकार, बहुतेक वेळा हे काम रात्री घरी बसून विनामोबदला करणारा, दर सहा महिन्यांनी तीच पन्नास वाक्यं पुन्हा उघडून फक्त आकडा बदलतो. कंटाळून एक दिवस सोडून देतो. आकड्याच्या जागी खूण असती तर त्या वाक्याला हात लावावा लागला नसता. मराठी पानं अर्धवट राहण्याचं हेही एक कारण आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

आकडे देवनागरीत लिहायचे का, असंही मला विचारतात. या लेखासारख्या सलग मजकुरात जरूर. पण टाइप करायच्या कमांडमध्ये आणि डाउनलोडच्या दुव्यात आकडे मशीनला लागतात तसेच, इंग्रजी ठेवावेत. पडद्यावर एक आणि पानावर दुसरा असं दिसलं तर वाचणारा पुन्हा त्या ऑपरेटरच्या जागी येतो. आणि भाषांतराच्या पहिल्या पानावर ते मूळच्या कुठल्या व्हर्जनवरून केलं हे लिहायलाच हवं. इंग्रजी ७ वर आणि मराठी ५ वर असेल तर त्यात कमीपणा नाही. फक्त तसं वर लिहिलेलं असावं.

## आमची टीम दोघांची आहे, एवढं कोण करणार?

दोघांच्या टीमला तर हे जास्त लागतं, कारण तिसरं कुणी तपासायला नाही. महागडं काही नको. आजचा आकडा एका फाइलमध्ये. बाकी सगळीकडे खूण. स्क्रीनशॉट काढताना आकडा दिसणारा कोपरा कापून टाकायचा. आणि एक छोटा तपास, जो रिलीजआधी आपोआप चालतो: टॅग वाचतो, रीडमी वाचतो, कमांडच्या चौकटी वाचतो, आणि कुठे जुळलं नाही तर रिलीज अडवतो.

आमच्याकडचा तसला तपास बारा-पंधरा ओळींचा आहे. सांगलीच्या फोननंतर काही महिन्यांनी तो लिहिला. गेल्या रिलीजला त्याने आम्हाला अडवलं. पडद्यावर एवढंच आलं: टॅगमध्ये ५.२, ‘बॅकअप परत कसा चढवायचा’ या पानाच्या कमांडमध्ये ५.१. ती ओळ मी बदलली, टॅग पुन्हा मारला, आणि मग रिलीज गेलं.